हवाई गिटारचा पहिला मानकरी

आकाशवाणीवर दोन कार्यक्रमांच्या मध्ये चार मिनिटे उरली, की एखाद्या चित्रपटगीताची धून लावून देत. ती गिटारवरची असली, की आमची आई तांदूळ निवडता निवडता हात थांबवून ऐकत राही. "शब्द नाहीत, पण कुणी गातेच आहे की!" असे ती म्हणे. ते वाद्य म्हणजे हवाई गिटार, एवढेच आम्हाला ठाऊक. हवाई म्हणजे हवेशी काही संबंध असावा, अशी माझी समजूत पुष्कळ दिवस होती.

हवाई ही प्रशांत महासागरातली बेटे. गिटार तेथली नव्हे. १८३० नंतर तेथल्या राजाने मोकाट गुरे आवरण्यासाठी मेक्सिकोकडचे गुराखी आणविले, त्यांच्याबरोबर ती आली. बेटकरांनी तिच्या तारा आपल्या कानाला रुचेल अशा सैल केल्या. नुसता हात फिरवला तरी गोड मेळ उमटे. पुढच्या साऱ्या नवलाईचे बीज यातच होते.

ओआहू बेटावरच्या लाइए गावचा जोसेफ केकुकू १८७४ साली जन्मला. हा कोणी उस्ताद नव्हे, होनोलुलूच्या कामेहामेहा शाळेतला विद्यार्थी. रुळांवरून गिटार छेडीत जाताना त्याला एक लोखंडी खिळा सापडला, तो तारांना लागला आणि सूर घसरत गेला, अशी आख्यायिका आहे. कोणी कंगव्याचे नाव घेतात, कोणी सुरीच्या पाठीचे. ते कसेही असो. १८८९ च्या सुमारास या पोराने शाळेच्याच कारखान्यात पोलादाची दांडी घडविली, तारा उंच केल्या आणि गिटार मांडीवर आडवी घेतली. तार पडद्याला टेकेनाशी झाली आणि मींड मोकळी झाली. (माझ्या वर्गात कोणी असा खिळा घासत बसला असता, तर मी तो खचित काढून घेतला असता!)

आता खरी गोष्ट पुढेच आहे. होनोलुलूत १८८४ च्या सुमारास, म्हणजे केकुकूच्याही आधी, एक तरुण गिटारवर अशीच वस्तू घसरवून वाजवीत असे, अशी आठवण तेथल्या जुन्या माणसांनी सांगून ठेवली आहे. त्याचे नाव गॅब्रिएल डेव्हियन. जन्म हिंदुस्थानातला, एका जहाजाच्या कप्तानाने त्याला पळवून नेले, असे म्हणत.

हे वाचताच माझी छाती फुगली, हे कबूल करतो. आपल्याकडे तारेवर गुळगुळीत तुकडा फिरवून वाजविण्याची रीत जुनीच. विचित्र वीणा तशीच वाजते. तंजावरकडचे गोटुवाद्यही तसेच. तिरुविडैमरुदूरच्या सखाराम रावांनी ते नावारूपाला आणले. मग या पोरानेच ती विद्या समुद्रापार नेली, असे म्हणायला कितीसा वेळ लागतो? पण पळवून नेलेल्या पोराच्या कानात गावचा कोणता सूर उरला होता, हे आपण आपल्या अभिमानापोटी ठरवू नये. दांडी घडविणे, तारा उंचावणे, ती रीत दुसऱ्यांना शिकविणे, ही मेहनत केकुकूची. तिचे श्रेय त्याच्याकडेच राहू द्यावे.

१९०४ साली केकुकू अमेरिकेला गेला आणि घराला मुकला. १९१५ च्या सॅनफ्रान्सिस्को प्रदर्शनानंतर अमेरिकेला या वाद्याचे वेडच लागले. पुढे तो युरोपभर हिंडला. १९३२ साली न्यूजर्सीत वारला. त्याच सुमारास बाजारात विजेची गिटार आली, तीही आधी मांडीवर घेऊन वाजवायचीच होती! पण आज विजेची गिटार म्हटले की केकुकू कोणाला आठवतो?

हवाईचे वादक टाउ मो कलकत्त्याला येऊन राहिले, तेव्हा तेथल्या तरुणांनी हे वाद्य उचलले. जोधपूरच्या ब्रिजभूषण काबरांनी त्यावर राग वाजविले. शिवकुमार शर्मा आणि हरिप्रसाद चौरसिया यांच्यासह त्यांची १९६७ ची ध्वनिमुद्रिका घरोघर गेली. आमच्याही घरी ती होती. आईने ती ऐकताना तांदळाचे सूप खाली ठेवले होते.