धोकटी, खुर्ची आणि खांदा : केशकर्तनव्यवसायातील देहश्रमांचा इतिहास

एखाद्या व्यवसायाचा इतिहास लिहिताना त्याची हत्यारे, त्याचे उत्पन्न आणि त्याची सामाजिक प्रतिष्ठा यांचा विचार सामान्यतः केला जातो. परंतु तो व्यवसाय करणाऱ्याचे शरीर दिवसभर कोणत्या स्थितीत असते, याकडे अभ्यासकांचे लक्ष क्वचितच जाते. केशकर्तनाच्या बाबतीत ही उणीव विशेष जाणवते. मान, खांदा, मनगट, कंबर आणि पाय यांची दुखणी या व्यवसायात जगभर आढळतात. ती केवळ वयाची किंवा नशिबाची नसून मुख्यतः कामाच्या ठेवणीतून उद्भवतात, आणि ही ठेवण काळानुसार बदलत आली आहे, हे पिंपरी-चिंचवड व चाकण या औद्योगिक पट्ट्याच्या संदर्भात दाखविणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू होय.

प्रथम शब्दांचा पुरावा पाहू. ‘न्हावी’ हा शब्द प्राकृतातील ‘ण्हाविअ’ या रूपावरून आला असून त्याच्या मुळाशी स्नान घालण्याची कल्पना आहे. ‘हजाम’ हा अरबी शब्द मूळचा तुंबडी लावून रक्त काढणाऱ्याचा. ‘वस्तरा’ फारसीतून आला. ‘सलून’ फ्रेंचमधील दिवाणखान्याचे नाव इंग्रजीच्या वाटेने मराठीत उतरले. या शब्दांतून कामाचे स्वरूप, हत्यार व जागा यांचा बोध होतो. काम करणाऱ्याच्या शरीराचा मात्र कोठेच होत नाही.

बलुतेदारीच्या व्यवस्थेत न्हावी धोकटी घेऊन घरोघर जाई व त्याचा मोबदला सुगीला धान्यरूपाने मिळे. गिऱ्हाईक जमिनीवर किंवा पाटावर बसे आणि न्हावी त्याच्यासमोर उकिडवा बसून श्मश्रू करी. या बैठकीचा भार गुडघे व कंबर यांवर पडे. ती सुखाची होती असे म्हणता येणार नाही. तथापि एका घराकडून दुसऱ्या घराकडे जाताना चालणे होई, आणि त्यामुळे शरीराची स्थिती आपोआप बदलत असे.

शहरी दुकानाने हा क्रम मोडला. गिऱ्हाईक खुर्चीत बसले आणि कारागीर उभा राहिला. प्रस्तुत पट्ट्यात हे स्थित्यंतर एका पिढीच्या अवधीत मोठ्या प्रमाणावर घडून आले. 1954 मध्ये पिंपरीस हिंदुस्थान अँटिबायोटिक्सची स्थापना झाली. 1962 मध्ये महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ अस्तित्वात आले. 1970 मध्ये पिंपरी-चिंचवडला नगरपालिका व 1982 मध्ये महानगरपालिका मिळाली. पुढे मोटारउद्योगाबरोबर हाच विस्तार चाकणपर्यंत पोहोचला. रोख वेतन घेणारा, गाव सोडून आलेला कामगार हा बलुत्याचे गिऱ्हाईक नव्हे. त्याला दुकान हवे होते. पुष्कळ लहान कारखान्यांत गुरुवारची, तर अन्यत्र रविवारची साप्ताहिक सुट्टी असल्याने इतरांच्या विश्रांतीचा दिवस हाच केशकर्तनकाराच्या गर्दीचा दिवस ठरला. दुकानाचा आकारही ‘तीन खुर्च्यांचे दुकान’ अशा शब्दांत, गिऱ्हाइकाच्या आसनावरून मोजला जातो. खुर्चीमागे उभ्या असणाऱ्याच्या जागेला स्वतंत्र नाव नाही.

उभे राहण्याने गुडघ्यांचा भार हलका झाला, परंतु श्रम नाहीसे झाले नाहीत. त्यांनी शरीरातील जागा बदलली. उचलून धरलेला हात हालत नसला तरी खांद्याचे स्नायू ताणलेलेच राहतात व त्यांतील रक्तप्रवाह मंदावतो. कातरीचे पाते प्रत्येक वेळी अंगठ्याने उघडावे-मिटावे लागते, त्यामुळे अंगठा व मनगट यांचे स्नायुबंध झिजतात. वस्तरा फिरविताना मान पुढे झुकते, केस धुताना कंबर वाकते आणि दीर्घकाळ उभे राहिल्याने पायांच्या शिरा फुगतात. इटालियन वैद्य रामाझ्झिनी याने 1700 मध्ये प्रसिद्ध केलेल्या कारागिरांच्या रोगांवरील ग्रंथात उभ्याने काम करणारे व बसून काम करणारे यांचा वेगवेगळा विचार केला होता. केशकर्तनकार या दोन प्रकरणांपैकी एकातून दुसऱ्यात गेला, एवढेच.

मराठीत या दुखण्यांची दोन प्रकारची वर्णने आढळतात. ‘उसण भरली’, ‘मनगट लचकले’ या प्रयोगांत घटना एका क्षणाची असते. ‘खांदा भरून आला’, ‘मान अवघडली’ यांत मात्र संचयाची कल्पना आहे. येथे कोणताही एक क्षण दाखविता येत नाही. भाषेने ओळखलेला हा भेद कायद्याने पुरेसा मानलेला नाही. 1923 च्या कामगार नुकसानभरपाई कायद्याचा मुख्य आधार ‘अपघात’ हा होता. शिवाय खुर्ची भाड्याने घेऊन किंवा स्वतःच्या दुकानात राबणारा कारागीर कोणाचाच नोकर नसल्यामुळे तो त्या आधारालाही पारखा राहतो.

विश्रांतीच्या बाबतीतही असेच दिसते. 1948 च्या मुंबई दुकाने व आस्थापना कायद्याने सलग पाच तासांच्या कामानंतर एक तासाची विश्रांती नोकरास दिली. त्याची जागा घेणाऱ्या 2017 च्या महाराष्ट्राच्या कायद्याने ती अर्ध्या तासावर आणली आणि मुख्य तरतुदी दहा किंवा अधिक कामगारांच्या आस्थापनांपुरत्या ठेवल्या. दोन-तीन खुर्च्यांचे दुकान त्या मर्यादेबाहेर राहिले. आणि जेथे प्राप्ती डोईमागे ठरते, तेथे प्रत्येक विश्रांती ही पदरची तूट असते.

यावरील उपाय दुर्बोध नाहीत. गिऱ्हाइकाचे डोके कारागिराच्या छातीच्या पातळीस येईल व कोपर खांद्याखाली राहील, इतकी खुर्ची वरखाली करावी. उंची बदलणारी खुर्ची अमेरिकेत एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीसच तयार झाली होती. स्वतःचे अंग पिळण्याऐवजी खुर्ची फिरवावी. मानेचे व कानाजवळचे काम चाकांच्या उंच स्टुलावर बसून करावे. कातरीस धार असावी, पायांखाली मऊ चटई असावी, आणि कापणे, धुणे, दाढी ही कामे आलटून पालटून करावीत. दोन गिऱ्हाइकांमधील दोन मिनिटे हात खाली सोडून काढली, तरी स्नायूंस उसंत मिळते.

तथापि ही दोन मिनिटे एकट्याला घेता येत नाहीत. शेजारचे दुकान थांबले नाही तर गिऱ्हाईक तिकडे वळते. म्हणून येथे संघटनेचा इतिहास महत्त्वाचा ठरतो. 1890 मध्ये मुंबईच्या न्हाव्यांनी नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने विधवांचे केशवपन न करण्याचा निर्धार केला. त्याच वर्षी लोखंड्यांच्या प्रयत्नांस यश येऊन गिरणीकामगारांना रविवारची सुट्टी मिळाली. आपले हात कोणते काम करणार नाहीत हे या व्यवसायाने एकदा एकमुखाने ठरविले होते. महाराष्ट्रातील अनेक शहरांत सोमवारी सलून बंद ठेवण्याची प्रथाही एका दुकानाने पाळून टिकली नसती. युरोपात 2012 व 2016 मध्ये या व्यवसायातील मालक व कामगार यांच्या संघटनांनी आरोग्यरक्षणाविषयी परस्पर करार केले, त्यामागेही हेच तत्त्व आहे.

सोमवारची सुट्टी दिवसाचे रक्षण करते, खांद्याचे नाही. कामाचा दिवस कसा उभा राहून काढावयाचा, हा प्रश्न पिंपरी-चिंचवड आणि चाकण येथील नाभिक संघटनांपुढे अद्याप आहे. अभ्यासकांनी या कारागिरांकडून हत्यारांची नावे जमविताना त्यांच्या दुखण्यांची नावेही टिपून घेतली, तर त्या प्रश्नाचा पुरावा तरी हाती राहील.