परक्या देशाचा नियम आणि गोंदियाचे रान

गोंदिया जिल्हा म्हटला की धानाच्या बांध्या, जुने तलाव आणि जंगल डोळ्यांपुढे येते. १ मे १९९९ रोजी भंडारा जिल्ह्यातून वेगळा झालेला हा जिल्हा महाराष्ट्राच्या पूर्व टोकाला, समुद्रापासून कितीतरी दूर आहे. येथील धान, तेंदूपत्ता, मोह, लाख, साग यांचा व्यवहार स्थानिक बाजार, सरकारी खरेदी आणि ठेकेदार यांच्यातच होतो, असे आपण सहसा धरून चालतो. मग ब्रुसेल्स किंवा वॉशिंग्टन येथे झालेल्या पर्यावरणविषयक व्यापार नियमाशी देवरी, सालेकसा किंवा अर्जुनी मोरगावच्या गावांचा संबंध काय? वर्गात एखाद्या विद्यार्थ्याने असा प्रश्न विचारला तर तो अगदी रास्त ठरेल. त्याचे उत्तर शोधण्यासाठी आपल्याला थोडे इतिहासात जावे लागेल.

लाखेची गोष्ट

गोंदिया या नावाचा संबंध ‘गोंद’ म्हणजे डिंकाशी जोडला जातो. आसपासच्या जंगलातील गोंड माणसे डिंक आणि लाख विकायला येथे आणीत, अशी समजूत आहे. नावाची व्युत्पत्ती काहीही असो, गोंदिया हे लाखेच्या व्यापाराचे जुने केंद्र आहे एवढे खरे. पळस, कुसुम, बोर अशा झाडांच्या कोवळ्या फांद्यांवर लाखेचे कीटक वाढतात, रस शोषतात आणि स्वतःभोवती राळेसारखे कवच तयार करतात. या कच्च्या लाखेतून दोन गोष्टी मिळतात. एक लाल रंग आणि दुसरी राळ, म्हणजे चपडा लाख.

एके काळी परदेशात या लाल रंगाला चांगली मागणी होती. १८५६ साली विल्यम पर्किन या इंग्रज तरुणाने डांबरापासून मिळणाऱ्या द्रव्यातून जांभळा कृत्रिम रंग तयार केला. त्यापाठोपाठ इतर कृत्रिम रंग आले आणि काही दशकांतच लाखेच्या रंगाची बाजारपेठ गेली. राळ मात्र टिकली, कारण ग्रामोफोनच्या तबकड्यांसाठी ती लागत असे. पुढे १९५० च्या दशकात तबकड्या प्लास्टिकच्या होऊ लागल्या आणि ही मागणीही ओसरली. दोन्ही वेळा बदल घडला तो हजारो मैलांवर. फांदीवरची लाख खरवडणाऱ्याला त्याची खबर लागली ती भाव पडल्यावरच.

येथे पर्यावरणाचा कोणताही नियम नव्हता, केवळ बाजार होता. पण दूरच्या निर्णयाचा परिणाम रानापर्यंत कोणत्या वाटेने येतो ते या गोष्टीतून दिसते. पुढचे नियमही याच वाटेने आले.

व्यापाराच्या करारात पर्यावरण

दुसऱ्या महायुद्धानंतर, १९४७ साली, जागतिक व्यापारासाठी ‘गॅट’ हा करार झाला. त्याच्या विसाव्या कलमात काही अपवाद होते. माणसांचे, प्राण्यांचे व वनस्पतींचे रक्षण करण्यासाठी किंवा संपणारी नैसर्गिक संपत्ती राखण्यासाठी एखादा देश आयातीवर बंधन घालू शकतो. अट एवढीच की ते बंधन पक्षपाती नसावे आणि त्याआडून स्वतःच्या उद्योगाला संरक्षण दिलेले नसावे.

या कलमाचा अर्थ काय, यावर पुढे बरेच वाद झाले. येथे एक फरक समजून घेणे आवश्यक आहे. काही नियम वस्तूबद्दल असतात. उदाहरणार्थ, धान्यात विषारी द्रव्याचे प्रमाण किती चालेल. काही नियम मात्र वस्तू कशी मिळवली त्याबद्दल असतात. उदाहरणार्थ, मासा धरताना दुसरा प्राणी मारला गेला का, किंवा लाकडासाठी जंगल साफ केले का. पहिल्या प्रकारात वस्तू प्रयोगशाळेत तपासता येते. दुसऱ्या प्रकारात वस्तूकडे पाहून काहीच कळत नाही, तेथे कागदोपत्री पुरावा लागतो.

डॉल्फिन मारून पकडलेल्या ट्यूना माशांवर अमेरिकेने घातलेली बंदी १९९१ साली ‘गॅट’च्या लवादाने अयोग्य ठरवली. १९९२ साली ऑस्ट्रियाने उष्ण कटिबंधातील लाकडावर तसा शिक्का सक्तीचा करणारा कायदा केला, पण मलेशिया, इंडोनेशिया आदी देशांच्या विरोधामुळे पुढच्याच वर्षी सक्ती मागे घेतली. १ जानेवारी १९९५ रोजी जागतिक व्यापार संघटना स्थापन झाली. समुद्री कासवे वाचवण्याची सोय नसलेल्या जाळ्यांनी पकडलेली कोळंबी अमेरिकेने नाकारली, तेव्हा भारत, मलेशिया, पाकिस्तान व थायलंड यांनी या संघटनेकडे दाद मागितली. १९९८ चा निकाल मोठा मार्मिक होता. कासवे वाचवण्याचा हेतू योग्य, पण नियम राबवताना देशादेशांत भेदभाव झाला, असे त्यात म्हटले होते. म्हणजे परक्या देशातील उत्पादनाच्या पद्धतीबद्दलही नियम करता येतो, हे तत्त्व मान्य होऊ लागले.

दाण्यातील अवशेष

पहिल्या प्रकारच्या नियमाचा अनुभव महाराष्ट्राने द्राक्षांच्या बाबतीत घेतला. २००३ साली युरोपात भारतीय द्राक्षांमध्ये कीटकनाशकांचे अवशेष मर्यादेपेक्षा जास्त आढळले. त्यानंतर पुण्याजवळील मांजरी येथील राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्राच्या साहाय्याने अवशेष तपासणीची व्यवस्था उभी राहिली. २००६ पासून निर्यातीच्या प्रत्येक बागेची संगणकावर नोंद होऊ लागली. तरीही २०१० साली क्लोरमेक्वाट क्लोराइड या वाढ रोखणाऱ्या द्रव्यामुळे माल अडला. तपासायच्या रसायनांच्या यादीत ते नव्हतेच. नाशिककडच्या बागायतदारांना मोठा फटका बसला. पण बागांची नोंद, प्रयोगशाळा आणि संघटना हाताशी असल्यामुळे ते सावरले.

धानाचे तसे नाही. करपा रोगावर ट्रायसायक्लाझोल हे बुरशीनाशक देशभर वापरले जाते. युरोपीय संघाने तांदळातील त्याची मर्यादा २०१७ साली दर किलोग्रॅमला १ मिलिग्रॅमवरून ०.०१ मिलिग्रॅमवर आणली. हा आकडा विद्यार्थ्यांना गणित म्हणून द्यावा. एका किलोग्रॅममध्ये दहा लाख मिलिग्रॅम असतात, म्हणजे नवी मर्यादा दहा कोटी भागांत एक भाग झाली. १०० टन, म्हणजे १,००० क्विंटल तांदळात मिळून केवळ एक ग्रॅम!

याचा थेट ताण बासमती पिकवणाऱ्या उत्तरेकडील राज्यांवर आला. पंजाब सरकारने २०२२ साली बासमतीवर दहा कीटकनाशके व बुरशीनाशके वापरण्यास ६० दिवसांची बंदी घातली. ट्रायसायक्लाझोल त्यांपैकी एक होते. गोंदियाचा धान बासमती नाही. त्यातील बराचसा आधारभूत किमतीने सरकारी केंद्रांवर जातो, आणि भारतातील बिगर-बासमती तांदूळ मुख्यतः आफ्रिका व आशियातील देश घेतात. म्हणून हा नियम गोंदियाला आज थेट लागत नाही. पण समजा, उद्या खरेदीदार देशांनी तशीच मर्यादा घातली. गिरणीत अनेक गावांचा धान एकत्र होतो. कोणता दाणा कोणत्या बांधीतला, हे कोणीच सांगू शकत नाही. एका शेतकऱ्याने फवारणी टाळली तरी त्याचा वेगळा दाम त्याला मिळत नाही आणि दुसऱ्याच्या चुकीचा भार मात्र सर्वांवर पडतो. द्राक्षाची बाग आणि धानाची बांधी यांत फरक आहे तो हा.

आणखी एक गोष्ट नजरेआड करता येणार नाही. हे नियम खाणाऱ्याच्या ताटातील अवशेष मोजतात, फवारणाऱ्याच्या शरीरात गेलेले विष मोजत नाहीत. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी व शेतमजूर दगावले. त्यांना वाचवू शकेल असा निर्यातीचा कोणताही नियम नव्हता. निर्यातीचा माल शुद्ध झाला म्हणजे शेत सुरक्षित झाले, असे समजणे चूक आहे.

झाड कोठले?

आता दुसऱ्या प्रकारचा नियम पाहू. वन्य जीवांच्या व्यापारावरील आंतरराष्ट्रीय करारात शिसवाच्या संपूर्ण कुळाचा समावेश २०१६ च्या जोहान्सबर्ग परिषदेत झाला आणि २ जानेवारी २०१७ पासून तो अमलात आला. उत्तर भारतात शेताच्या बांधावर लावला जाणारा शिसम दुर्मीळ नाही, असे भारताचे म्हणणे होते. पण कापलेल्या फळीवरून शिसवाची जात ओळखणे अवघड असते, म्हणून सगळ्या जाती एका यादीत आल्या. पुढे २०२२ साली पनामा येथील परिषदेत शिसमाच्या हस्तकलेच्या वस्तूंना काही सवलत मिळाली.

युरोपीय संघाने २०१३ पासून बेकायदा तोडीच्या लाकडाला बंदी केली आणि २०२३ साली त्याहून कडक नियम केला. गुरे, कोको, कॉफी, पाम तेल, रबर, सोयाबीन आणि लाकूड हे सात माल ३१ डिसेंबर २०२० नंतर जंगल तोडलेल्या जमिनीवरचे नसावेत आणि जमिनीचे अक्षांश-रेखांश द्यावेत, अशी त्याची अट आहे. अंमलबजावणीची तारीख २०२४ आणि २०२५ या दोन्ही वर्षांच्या अखेरीस पुढे ढकलली गेली. भारताला युरोपीय संघाने कमी धोक्याच्या देशांत धरले आहे. तेंदूपत्ता, मोह, लाख, धान या यादीत नाहीत. गोंदियाचा संबंध येईल तो मुख्यतः सागासारख्या लाकडामुळे.

या नियमात जंगलाची व्याख्या अर्धा हेक्टर क्षेत्र, पाच मीटर उंचीची झाडे व दहा टक्के छत्र अशी आहे. आपले भारतीय वन सर्वेक्षण एक हेक्टरपासून पुढचे क्षेत्र मोजते. व्याख्या बदलली की एकाच रानाचे उत्तर बदलते, हेही विद्यार्थ्यांनी लक्षात घ्यावे.

नोंद कोणाच्या हाती?

‘हे झाड कोठले?’ या प्रश्नाचे उत्तर गावाकडे आहे का? १८७८ च्या वन कायद्याने जंगले राखीव झाली, सीमा आखल्या गेल्या. पण नकाशे आणि नोंदी सरकारी दप्तरात राहिल्या. १९६९ च्या महाराष्ट्राच्या कायद्याने तेंदूपत्त्याचा व्यापारही सरकारच्या नियंत्रणात आला. २००६ च्या वनहक्क कायद्याने चित्र बदलू लागले. सामूहिक वनहक्क मिळालेल्या ग्रामसभेला आपल्या जंगलाची हद्द ठरवून मिळते. २०१३ च्या हंगामापासून गोंदिया आणि गडचिरोलीतील काही ग्रामसभांनी तेंदूपत्ता स्वतः विकायला सुरुवात केली. कोणत्या हद्दीतून किती पुडे आले आणि कोणाला किती पैसे गेले, याची वही त्यांना ठेवावी लागते.

वैयक्तिक वनहक्कासाठी १३ डिसेंबर २००५ पूर्वीचा ताबा दाखवावा लागतो. युरोपच्या नियमातील तारीख त्यानंतर पंधरा वर्षांची आहे. म्हणजे आपल्या हक्कासाठी मिळवलेला पट्टा आणि नकाशा, ही जमीन अलीकडे जंगल तोडून केलेली नाही, हे दाखवायलाही उपयोगी पडू शकतो. ज्यांचे दावे अजून पडून आहेत त्यांच्याकडे मात्र दाखवायला काहीच नाही. पुरावा ठेकेदाराने किंवा निर्यातदाराने गोळा केला, तर त्याचा खर्च तो भावातून कापणार. तोच ग्रामसभेच्या कपाटात असेल, तर ती त्याची किंमत मागू शकेल.

परक्या देशाचे सगळे नियम जंगलाच्या भल्याचे नसतात आणि सगळे कपटाचेही नसतात. कासवांच्या निकालाने तेच सांगितले. लाखेच्या काळात गावाला ना खबर होती, ना नोंद. आज दोन्ही मिळवता येतात, आणि शाळेचा त्यात वाटा असू शकतो. आपल्या गावातील एक क्विंटल धान बांधीपासून गिरणीपर्यंत कोणकोणत्या हातांतून जातो, ते मुलांना शोधू द्यावे. त्यात कोणते औषध, किती आणि केव्हा फवारले, फवारताना तोंडाला काय बांधले होते, हे त्यांनी घरी विचारून लिहावे. ग्रामसभेच्या जंगलाचा नकाशा असेल तर तो मागून त्यावरचे अक्षांश-रेखांश वाचून पाहावेत, आणि नसेल तर तो का नाही, हेही विचारावे.