पेट्रोलमधील शिसे आणि जुनी इंजिने

१९२१ मध्ये अमेरिकेत टॉमस मिज्ली यांनी पेट्रोलमध्ये शिशाचे संयुग मिसळून इंजिनातील ठोके थांबविले. त्याच शिशाचा थर व्हॉल्व्हच्या सीटचेही रक्षण करी. परंतु धुरावाटे ते मुलांच्या रक्तात उतरत होते. १ फेब्रुवारी २००० पासून भारतभर ते बंद झाले, हे योग्यच झाले असे आम्ही मानतो.

जुन्या मॉरिस ऑक्सफर्डमध्ये सीट बिडाच्या हेडमध्येच कोरलेली असते. शिशाचा थर नसता भरवेगात एक्झॉस्टची सीट झिजते, व्हॉल्व्ह खचतो. खात्रीचा उपाय म्हणजे हेड उतरवून तेथे कठीण मिश्रधातूची कडी ठोकून बसविणे. केवळ सणासुदीस निघणाऱ्या गाडीसाठी मात्र घाई नको. हेड उघडेल तेव्हा करावे, तोवर टॅपेटची फट मोजत राहावे. ती वारंवार कमी होऊ लागली, तर सीट झिजू लागली असे समजावे.