गोदाकाठचे दोन वाडे

नाशिकहून गंगापूर रस्त्याने पश्चिमेला निघालं की आधी आनंदवल्ली लागते आणि पुढे गंगापूर. आज शहर तिथवर पसरलं आहे. अठराव्या शतकात मात्र पुण्याच्या सत्तेपासून दूर झालेली पेशवे घराण्यातली दोन माणसं गोदावरीच्या या काठावर येऊन राहिली. गंगापूरला नानासाहेब पेशव्यांच्या पत्नी गोपिकाबाई, तर आनंदवल्लीला त्यांचे दीर रघुनाथराव. या दुसऱ्या गावाचं मूळ नाव चावंडस. रघुनाथरावांच्या पत्नी आनंदीबाईंवरून त्याची आनंदवल्ली झाली.

सत्ता माणसाला बिघडवते का, हे तपासायला याहून जवळचं घराणं शोधावं लागत नाही.

रघुनाथराव नाकर्ते नव्हते. १७५८ मध्ये त्यांनी लाहोर घेतलं आणि मराठी फौजा अटकेपर्यंत पोहोचल्या. पण मोहिमेतून ते मोठं कर्ज घेऊन परतले. पुढे अब्दालीवर जायची वेळ आली तेव्हा मोहीम सदाशिवरावभाऊंकडे गेली. पानिपतानंतर, १७६१ मध्ये गोपिकाबाईंचे सोळा वर्षांचे पुत्र माधवराव पेशवे झाले आणि काका कारभार पाहू लागले. पुतण्या स्वतः निर्णय घेऊ लागताच त्यांना तो आपल्या हक्कावरचा घाला वाटला. १७६२ मध्ये निजामाची मदत घेऊन ते घरच्याच फौजेवर चालून आले. आळेगावला माधवराव आपणहून काकांच्या स्वाधीन झाले, म्हणून यादवी तिथेच थांबली.

अधिकार माधवरावांच्याही हाती होता. आईचा कारभारातला हात वाढला तेव्हा त्यांनी तो आवरला, आणि गोपिकाबाई गंगापूरला आल्या. वेठबिगारीला माधवरावांनी मनाई केली. पूजाअर्चेत वेळ घालवणाऱ्या पेशव्यांना न्यायाधीश रामशास्त्री प्रभुणे यांनी तोंडावर सुनावलं आणि पेशव्यांनी ते मानलं, अशी आठवण सांगितली जाते. काकांना त्यांनी वारंवार सांभाळून घेतलं. अखेर १० जून १७६८ रोजी चांदवडजवळच्या धोडप किल्ल्यापाशी त्यांचा पराभव केला आणि त्यांना शनिवारवाड्यात नजरकैदेत ठेवलं.

१८ नोव्हेंबर १७७२ रोजी थेऊरला क्षयाने माधवराव गेले. नऊ महिन्यांनी, ३० ऑगस्ट १७७३ रोजी, गारद्यांनी शनिवारवाड्यात त्यांच्या जागी पेशवे झालेल्या अठरा वर्षांच्या धाकट्या भावाचा, नारायणरावांचा, खून केला. ‘ध’चा ‘मा’ केल्याची कथा महाराष्ट्राने आनंदीबाईंच्या माथी मारली. या कथेला भक्कम कागदोपत्री आधार नाही. रामशास्त्रींनी चौकशी केली आणि दोष रघुनाथरावांवर ठेवला. देहान्त प्रायश्चित्त हाच निर्णय, असं बजावून ते पुणं सोडून गेले.

यातली सर्वांत गंभीर गोष्ट खुनानंतरची आहे. संशय ज्याच्यावर, त्याच्याच नावे पेशवेपदाची वस्त्रं साताऱ्याहून आली. छत्रपतींची संमती कायद्याने आवश्यक होती, पण १७५० च्या सांगोला करारानंतर साताऱ्याच्या गादीत नकार देण्याचं बळ उरलं नव्हतं. रामशास्त्रींच्या हाती न्याय होता, पण तो अमलात आणायला शिपाई नव्हते. माधवरावांचा संयम हा त्यांचा स्वतःचा गुण होता. राज्याने त्या गुणाची व्यवस्था केली नव्हती, म्हणून तो त्यांच्याबरोबर थेऊरलाच संपला. रघुनाथरावांना सत्ता मिळाली तेव्हा ती आवरणारं काहीच आड आलं नाही. पुढे त्यांना अडवलं ते नाना फडणवीस, सखारामबापू आणि इतर कारभाऱ्यांनी एकत्र येऊन उभ्या केलेल्या बारभाईने.

तेव्हाही ते थांबले नाहीत. मार्च १७७५ मध्ये सुरतेला इंग्रजांशी तह करून त्यांनी साष्टी आणि वसई देऊ केली. ज्या वसईसाठी त्यांचे सख्खे काका चिमाजीअप्पा १७३९ मध्ये लढले होते, तीच! सात वर्षं युद्ध चाललं. १७८२ च्या सालबाईच्या तहाने त्यांना तनखा मिळाला आणि डिसेंबर १७८३ मध्ये कोपरगावला ते वारले. गोपिकाबाईंनी मुलगे गमावले, तरी नातू सवाई माधवरावांना कसं वागावं याचा उपदेश लिहून पाठवला. १७८८ मध्ये त्या गेल्या. १७९४ मध्ये आनंदीबाईंनी आनंदवल्लीत अखेरचा श्वास घेतला, आणि नानांनी त्यांच्या मुलांना जुन्नरला पहाऱ्यात ठेवलं.

सवाई माधवरावांच्या पश्चात त्या मुलांतले बाजीराव १७९६ मध्ये पेशवे झाले. बारभाई केव्हाच विस्कटली होती. १८०० मध्ये नानाही गेले. १८०२ च्या अखेरीस बाजीरावांनी वसईला तह करून इंग्रजी फौज मागवली, आणि सरदारांचा धाकही सरला. परगण्यांची मामलत मग जास्त रकमेची बोली लावणाऱ्याला मक्त्याने जाऊ लागली. बोलीचा पैसा वसूल व्हायचा तो रयतेकडून, आणि तक्रार ऐकणारा बहुतेकदा तोच मक्तेदार. त्रिंबकजी डेंगळे हे बाजीरावांच्या कारभारातलं सर्वांत वजनदार नाव. १८१५ मध्ये पंढरपुरात बडोद्याच्या गायकवाडांचे वकील गंगाधरशास्त्री पटवर्धन यांचा खून झाला, त्याचा ठपका त्रिंबकजींवर आला. बाजीरावांनी त्यांना इंग्रजांच्या हवाली केलं ते रेसिडेंट एल्फिन्स्टनने धमकावल्यावरच. ठाण्याच्या कैदेतून निसटलेले त्रिंबकजी १८१८ मध्ये नाशिक जिल्ह्यातल्या अहेरगावला पकडले गेले. त्यांची रवानगी चुनारच्या किल्ल्यात झाली, तर इंग्रजांना शरण गेलेले बाजीराव वर्षाला आठ लाखांच्या तनख्यावर बिठूरला गेले.