जोगलटेंभीची नाणी आणि जुन्या ग्रंथांचे मोल

१९०६ साली नाशिकजवळच्या जोगलटेंभी येथे चांदीच्या नाण्यांचा मोठा साठा सापडला. संख्या सुमारे १३,२५०. नाणी क्षहरात क्षत्रप नहपान याची होती. परंतु त्यांपैकी नऊ हजारांहून अधिक नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीने आपले चैत्याचे चिन्ह, नाव आणि उज्जैन चिन्ह पुन्हा ठोकलेले होते. नाशिकच्या लेण्यातील लेखात राजमाता गौतमी बलश्री आपल्या पुत्राने क्षहरातांचा वंश निःशेष केल्याचे सांगते. मातेच्या त्या अभिमानाला येथे चांदीची साक्ष मिळाली.

आज हा साठा एका ठिकाणी पाहता येत नाही. नाणी निरनिराळ्या संग्रहालयांत आणि खासगी संग्रहांत विखुरली. तो एकत्र उरला आहे तो कागदावर. रेव्हरंड एच. आर. स्कॉट यांनी रॉयल एशियाटिक सोसायटीच्या मुंबई शाखेच्या नियतकालिकात त्याचे वर्णन प्रसिद्ध केले आणि १९०८ साली ई. जे. रॅप्सन यांनी ब्रिटिश म्युझियमच्या सूचीत त्याचा उपयोग केला.

एक सुटे नाणे फार थोडे बोलते. नहपानाच्या नाण्यावर मुखवट्याभोवतीचा ग्रीक लिपीतील लेख बहुधा अर्धवटच उमटलेला असतो. हजारो नाणी शेजारी ठेवल्यावर मात्र तुटलेली अक्षरे जुळतात आणि तो लेख मागील बाजूच्या भारतीय लेखाचेच लिप्यंतर असल्याचे कळते. मुखवटेही सारखे नाहीत. कुठे तरुण, कुठे वृद्ध, कुठे नाकाची ठेवणच निराळी. हे सारे एकाच माणसाचे चेहरे आहेत का, हा प्रश्न स्कॉट यांना पडला, कारण साठा त्यांच्यासमोर अखंड होता. आजच्या संग्राहकाला तो प्रश्न स्वतःच्या चार नाण्यांवरून सुचणार नाही.

‘रॅप्सन आता जुना झाला’ असे म्हटले जाते, आणि ते खरेही आहे. १९३९ साली वऱ्हाडात तऱ्हाळा येथे सातवाहनांच्या पोटीन नाण्यांचा साठा मिळाला. म. म. वा. वि. मिराशी यांनी त्याचा अभ्यास केला, तेव्हा पुराणांच्या वंशावळीत नसलेले कुंभ, कर्ण आणि शक सातकर्णी हे राजे पुढे आले. रॅप्सनच्या ग्रंथात त्यांना जागा असणे शक्यच नव्हते. ज्या घराण्याला तो ‘आंध्र’ म्हणतो, त्याला आपण आता सातवाहन म्हणतो.

म्हणून जुन्या ग्रंथात दोन गोष्टी वेगळ्या करून वाचाव्यात. कोणता राजा आधी, कोणता नंतर, हे ग्रंथकाराचे मत. नवा लेख किंवा नवा साठा मिळाला की ते बदलते. वजन, लेखातील दिसणारी अक्षरे, सापडल्याचे ठिकाण आणि छायाचित्रे ही मात्र नोंद; ती शिळी होत नाही. रॅप्सनची वजने ग्रेनमध्ये आहेत. एक ग्रेन म्हणजे सुमारे ६५ मिलिग्रॅम, एवढे लक्षात ठेवले की आपला तराजू त्याच्या तराजूशी बोलू लागतो.

याचा व्यवहारातही उपयोग होतो. पुन्हा ठोकलेल्या अस्सल नाण्यात नव्या चिन्हाखाली जुन्या मुखवट्याच्या किंवा अक्षरांच्या खुणा अनेकदा दिसतात, आणि प्रत्येक नाण्यात त्या वेगळ्या जागी पडतात. तीच खूण, तोच चरा दोन नाण्यांवर जसाच्या तसा आढळला, तर साच्यात ओतलेल्या नकलेची शंका घ्यावी. ही नजर किंमतपुस्तिकेने येत नाही. पुष्कळ अस्सल नमुने पाहून येते, आणि ते एकत्र पाहण्याची जागा म्हणजे जुनी सूची.

किंमतपुस्तिका नाण्याचा भाव सांगते. नाणे कुठे मिळाले, त्याच्यासोबत काय होते, हे ती क्वचितच सांगते. बाजारात हात बदलताना नाण्याची हीच माहिती सर्वांत आधी गळून पडते, आणि एकदा गेली की नाण्याकडून ती परत मिळत नाही. म्हणून आपल्या संग्रहातील प्रत्येक नाण्याचे वजन आणि प्राप्तिस्थान वहीत लिहून ठेवावे. स्कॉट यांनी वेळेवर लिहिले, म्हणून जोगलटेंभीचा साठा आपल्याला अजून दिसतो.