स्कूटर : निवड आणि प्रतीक्षा

स्कूटर घेतांना गृहस्थानें काय पाहावें, याचें पहिलें उत्तर तिच्या घडणींतच आहे. १९४६ सालीं इटलींतील पिआज्यो कंपनीनें ‘व्हेस्पा’ बाजारांत आणिली. तिचे रचनाकार कोरादिनो दास्कानियो हे विमानविद्येंतील अभियंते. मोटारसायकल त्यांस मुळींच आवडत नसे. त्यांनीं साखळी काढून टाकिली, यंत्र पत्र्याखालीं झांकिलें आणि पायांपुढें मोकळी जागा ठेविली. कपड्यांस तेल लागेना, चाकही वाटेंत सहज बदलतां येऊं लागलें.

पिआज्योशीं करार करून बजाज कंपनीनें भारतांत व्हेस्पा बनविली. करार संपल्यावर १९७२ मध्यें त्याच घडणीची ‘चेतक’ आणिली. परंतु उत्पादनावर सरकारी मर्यादा असल्यामुळें गिऱ्हाइकास वर्षानुवर्षें थांबावें लागे. निवडीस वाव नव्हता; नंबर लागलेली गाडी जादा किमतीस विकली जाई.

गाडी घरीं आल्यावर धन्याची खरी परीक्षा होई. पेट्रोलांत तेल प्रमाणांत मिसळावें लागे. तें कमी पडल्यास पिस्टन जखडे, अधिक झाल्यास प्लग काजळे.

पुढें बंधनें सैल झालीं, रांग ओसरली आणि निवड गिऱ्हाइकाच्या हातीं आली. तरी त्या जुन्या धन्यांची कसोटी आजही उपयोगी आहे : दुरुस्ती जवळ होते काय, सुटे भाग मिळतात काय, आणि घरांतील इतरांसही ती चालवितां येते काय?