हस्तलिखिताचे वाचक : संपादनव्यवहारातील गोपनीयतेचा एक इतिहास

संपादनाचा इतिहास आपण छापून आलेल्या संहितेवरून लिहितो. छपाईपूर्वी ती संहिता कोणाकोणाच्या नजरेखालून गेली, हा प्रश्न आपल्या समीक्षेने क्वचितच विचारला आहे. खिळ्यांच्या छपाईत हे वाचक मोजता येत : संपादक, जुळारी, मुद्रितशोधक. श्री. पु. भागवत आणि राम पटवर्धन यांच्या काळातील ‘सत्यकथे’चे संपादन बरेचसे लेखकांशी झालेल्या पत्रव्यवहारातून घडले. चाचपडणाऱ्या खर्ड्याविषयी तेथे परखडपणे बोलता आले, ते हे बोलणे दोघांतच राहील या भरवशावर, असे मला वाटते.

संगणकीय अक्षरजुळणीने हा भरवसा नकळत सैल केला. युनिकोडची पहिली आवृत्ती १९९१ची. तरी मराठी प्रकाशनव्यवहार श्रीलिपीसारख्या प्रणालींच्या स्वतंत्र संकेतव्यवस्थांमध्ये दीर्घकाळ राहिला. पुढे जुना मजकूर युनिकोडमध्ये आणताना आपण महाजालावरील विनामूल्य परिवर्तकांत पानेच्या पाने चिकटवली. ती कोठे जातात, हे विचारले नाही. (प्रस्तुत लेखकही त्यात आलाच.) अप्रकाशित मजकूर अनोळखी यंत्रणेच्या स्वाधीन करण्याची सवय कृत्रिम बुद्धिमत्तेच्या आधीची आहे.

नोव्हेंबर २०२२मध्ये चॅटजीपीटी आले आणि ही सवय प्रश्न म्हणून समोर उभी राहिली. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेने जून २०२३मध्ये संशोधन-प्रस्तावांच्या परीक्षकांना अशी साधने परीक्षणासाठी वापरण्यास मनाई केली. विश्वासाने सोपवलेला मजकूर त्यामुळे त्रयस्थाकडे जातो, हे त्यामागील कारण. त्याच वर्षी फेब्रुवारीत मेटा कंपनीने ‘लामा’ हे भाषा-प्रारूप संशोधकांना उपलब्ध करून दिले होते. तेव्हापासून स्वतःच्याच संगणकावर, महाजालाशी न जोडता चालणारी प्रारूपे संपादकाच्या आवाक्यात आली. शुद्धलेखन, सूची, सारांश ही कामे हस्तलिखित खोलीबाहेर न नेता होऊ शकतात.

मराठी संपादकाला मात्र हा मार्ग महाग पडतो. या प्रारूपांचे शिक्षण प्रामुख्याने इंग्रजीवर झालेले आहे. लहान प्रारूपे मराठीत ऱ्हस्व-दीर्घ चुकवतात आणि बोलीतील वाक्याला प्रमाणभाषेच्या इस्त्रीखाली घालतात. अधिक बरी मराठी जाणणारी मोठी प्रारूपे बहुधा दूरच्या यंत्रांवर चालतात.

नावे खोडून मजकूर पाठवावा, असा एक तोडगा सांगितला जातो. वैज्ञानिक निबंधापुरता तो चालेल. आत्मकथनाला, विशेषतः दलित आत्मकथनाला, तो लावता येत नाही. तेथे गाव, वस्ती, नाते आणि बोलीतला एखादा शब्द एवढ्यावर जिवंत माणूस ओळखला जातो. शिवाय पहिल्या खर्ड्यातील किती तरी माणसे लेखक पुढे स्वतःच वगळतो. छापील पुस्तकात कधीच न येणारी ती माणसे संपादकाच्या टेबलावरील त्या एकाच प्रतीत असतात.